ठिपसे सात वेळा राष्ट्रीय विजेते, मग ग्रँडमास्टर व्हायला १९९७ का उजाडलं?

नाशिककर

बुद्धिबळपटू प्रवीण ठिपसे यांच्या कारकिर्दीवर एक टिपण करतोय आणि एका जागी अडलोय. राष्ट्रीय विजेतेपदं: १९८२, १९८४, १९८५, १९८९, १९९२, १९९३, १९९४. अर्जुन पुरस्कार १९८४ चा. १९८५ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केव्हिन स्प्रॅगेटबरोबर संयुक्त पहिले. आणि ग्रँडमास्टर किताब थेट १९९७ ला, आनंद (१९८८) आणि दिब्येंदु बरुआ (१९९१) यांच्या मागून, देशातले तिसरे. पहिल्या विजेतेपदापासून मोजलं तर १५ वर्षं!

देशात सात वेळा पहिला आलेला माणूस १५ वर्षं किताबाविना राहतो, हे वाचणाऱ्याला पटवून कसं द्यायचं? राष्ट्रीय विजेत्याला किताब मिळत नाही एवढं ठाऊक आहे. पण नॉर्म (किताबासाठी तीनदा करून दाखवायची ठरावीक कामगिरी) नेमका मोजतात कसा, आणि तो तेव्हा का जमत नव्हता? मोघम "परिस्थिती प्रतिकूल होती" असं लिहायचं नाहीये. आकडे हवेत.

कोपऱ्यातला हत्ती

आकडे हवेत तर सर्वात सोप्या आकड्यापासून सुरू करा: तीन.

जीएम नॉर्मसाठी नऊ डावांत किमान तीन प्रतिस्पर्धी ग्रँडमास्टर असावे लागतात. आता ठिपसेंची सात वर्षं घ्या आणि त्या त्या वर्षी भारतात ग्रँडमास्टर किती होते ते शेजारी लिहा. १९८२, ८४, ८५: शून्य. १९८९: एक, आनंद. १९९२, ९३, ९४: दोन, आनंद आणि बरुआ. हे दोघेही खेळायला बसले असते तरी तिसरा आणायचा कुठून? म्हणजे आजचाच नियम मागे नेऊन लावला तरी या सातपैकी एकाही राष्ट्रीय स्पर्धेत जीएम नॉर्म होऊच शकत नव्हता. सगळे डाव जिंकले असते तरी नाही.

टिपणात हा एक परिच्छेद घातलात की "कमी पडले" हा सूर आपोआप जाईल. राष्ट्रीय स्पर्धा सांगते की जमलेल्यांत पहिला कोण. नॉर्म सांगतो की ठरावीक दर्जाच्या लोकांसमोर किती गुण झाले. पहिलं सात वेळा करून दुसऱ्याच्या खात्यात काहीच जमा होत नाही.

ठिपसे एकटे नाहीत. मॅन्युएल आरन १९५९ ते १९८१ या काळात नऊ वेळा राष्ट्रीय विजेते. १९६१ ला देशातले पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले, १९६२ च्या स्टॉकहोम इंटरझोनलमध्ये (विश्वविजेतेपदाच्या पात्रता स्पर्धेत) पोर्टिश आणि उलमान या दोघा ग्रँडमास्टरांना हरवलं, पण ग्रँडमास्टर कधीच झाले नाहीत.

बोर्ड नंबर ४

थोडक्यात सांगायचं तर राष्ट्रीय स्पर्धेत नॉर्म मिळतच नाही, कारण सगळे भारतीय. परदेशी खेळाडू लागतात. शिवाय तेव्हा आपल्याकडे स्पर्धा कच्ची होती, हेही मान्य करायला हवं.

अडीच घरं

चार नंबर, अर्धं बरोबर. परदेशी खेळाडूंची अट आहे, पण राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम टप्प्याला फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) त्यातून सूट देते. आज राष्ट्रीय स्पर्धेत नॉर्म होऊ शकतो. फक्त सगळे नॉर्म सवलतीच्या स्पर्धांतले चालत नाहीत, किमान एक तरी परदेशी खेळाडूंची अट पूर्ण पाळून केलेला हवा. ठिपसेंच्या काळात खरा अडसर हत्तीभाऊंनी सांगितला तोच, ग्रँडमास्टरच नव्हते.

नाशिककर, नॉर्मचं गणित असं. (आजच्या नियमांनी सांगतो. तीन नॉर्ममध्ये मिळून आता २७ डाव लागतात, पूर्वी २४ पुरत. गाभा तोच.)

नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत: किमान ३ प्रतिस्पर्धी ग्रँडमास्टर. किमान ५ किताबधारी, यात ते तीन आलेच. कँडिडेट मास्टर यात धरत नाहीत. आपल्या देशाचे जास्तीत जास्त ५, म्हणजे परदेशी किमान ४, आणि ते कमीत कमी दोन वेगळ्या देशांचे. कुठल्याही एका देशाचे ६ पेक्षा जास्त नाहीत. प्रतिस्पर्ध्यांचं सरासरी रेटिंग (निकालांवरून ठरणारा ताकदीचा आकडा) किमान २३८०. आणि या सगळ्यावर कामगिरी २६०० ची.

२६०० ची कामगिरी म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची सरासरी, अधिक तुमच्या टक्केवारीला फिडेच्या तक्त्यात दिलेला आकडा. नऊपैकी ७ गुण केले की ७८ टक्के, त्याचे २२०. साडेसहाचे १६६, सहाचे १२५, साडेपाचचे ८०, पाचचे ४३. म्हणून सरासरी २३८० ते २४३३ असेल तर ७ गुण लागतात, २४३४ पासून साडेसहा, २४७५ पासून ६, २५२० पासून साडेपाच, २५५७ पासून ५. सरासरीच २६०० असेल तर निम्मे गुण पुरतात.

एक नमुना मांडतो, आकडे काल्पनिक. प्रतिस्पर्ध्यांची रेटिंग फेरीवार: २१४५, २३१०, २४०५, २३९१, २४६६, २५६१, २४३७, २५५१, २५८९. सरळ बेरीज केली तर सरासरी येते २४२८, म्हणजे ७ गुण हवेत. पण एक सवलत आहे. सर्वात कमी रेटिंगचा एक प्रतिस्पर्धी जीएम नॉर्मसाठी २२०० चा धरता येतो. २१४५ च्या जागी २२०० ठेवा, बेरीज २१,९१०, सरासरी २४३४. साडेसहाला नॉर्म! पहिल्या फेरीतल्या त्या एका कच्च्या खेळाडूच्या ५५ गुणांवर अर्धा गुण वाचला.

आता "स्पर्धा कच्ची होती" याचंही गणित करू. त्या काळी फिडेच्या रेटिंग यादीची खालची मर्यादाच २२०० होती. समजा राष्ट्रीय स्पर्धेतली सरासरी २३०० धरली आणि १९ फेऱ्यांची साखळी. २६०० ची कामगिरी करायला ३०० वरचे हवेत, म्हणजे ८६ टक्के, म्हणजे १९ पैकी साडेसोळा. इतके गुण न करताही माणूस आरामात पहिला येतो. आणि केले तरी २३८० च्या सरासरीची अट राहिलीच. तेव्हा कच्ची म्हणा हवं तर, पण आत खेळणाऱ्याला ते काही सोपं नव्हतं. साखळीत प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळतो, लपायला जागा नाही.

नाशिककर

अडीच घरं, यालाच म्हणतात उत्तर. आभारी आहे. मग एक सांगा, बरुआने १९८२ मध्ये लंडनला कोर्चनॉयला हरवलं, तेव्हा तो १५ वर्षांचा होता. तरी किताबाला आणखी नऊ वर्षं. हेही तेच?

कोपऱ्यातला हत्ती

तेच. कोर्चनॉयवरचा विजय नॉर्मच्या हिशेबात एक गुण आणि एक ग्रँडमास्टर, बस. बाकीचे आठ डाव कुणाशी पडतात यावर तुमचा ताबा नसतो.

यासाठीच त्या पिढीला युरोप गाठावं लागायचं. परकीय चलनावर मर्यादा, म्हणून एका प्रवासात तीन-चार स्पर्धा लागोपाठ खेळायच्या. दुसऱ्या स्पर्धेत फॉर्म गेला की उरलेल्या दोन त्याच अवस्थेत ओढायच्या, परत येऊन दम खाऊन पुन्हा जाण्याची सोय नाही. शिवाय तयारी. युगोस्लाव्हियातून सहामाही निघणारे डावसंग्रह इथे पोचेपर्यंत सलामीच्या त्या चाली तिकडे जुन्या झालेल्या असत. प्रतिस्पर्धी अकराव्या चालीला नवं काही टाकणार आणि आपण घड्याळाकडे बघत पटावर शोधत बसणार. चाळिसाव्या चालीपर्यंत वेळेची मारामार, आणि बरोबरीचा डाव तिथे हातचा जायचा. परदेशात अर्धा-पाऊण गुण या एका कारणाने कमी होतो म्हटलं तर वावगं नाही, आणि नॉर्म हुकतात ते नेमके अर्ध्या गुणाने.

आनंदचा किताब कोइम्बतूरच्या शक्ती फायनान्स स्पर्धेत पूर्ण झाला, हे टिपणात जरूर घ्या. घरच्या मैदानावर परदेशी खेळाडू बोलावले की काय होतं, याचा तो पुरावा. तशा स्पर्धा तेव्हा भारतात बोटांवर मोजण्याइतक्या.

सहावी फेरी

वरचं सगळं बरोबर, पण नॉर्म प्रत्यक्षात कशाने जातो ते कुणी लिहिलं नाही. खेळ बिघडून जातो हे उघड आहे. खेळ चांगला होऊनही जातो तो असा.

अडीच घरं यांचाच नमुना घ्या. शेवटचे चार प्रतिस्पर्धी पाहा: २५५१ आणि २५८९ हे दोघे ग्रँडमास्टर, तिसरा ग्रँडमास्टर २५६१ चा. नेमके तीन, एकही जास्तीचा नाही. समजा आठ फेऱ्यांत साडेसहा झाले आहेत आणि ग्रँडमास्टर दोनच भेटले आहेत. नवव्या फेरीची जोडी लागते आणि समोर आयएम (आंतरराष्ट्रीय मास्टर) येतो. संपलं. तो डाव जिंकून साडेसात केले तरी नॉर्म नाही. स्विस पद्धतीत जोड्या गुणांवरून लागतात, विनंतीवरून नाही. म्हणून अनुभवी माणूस पाचव्या-सहाव्या फेरीपासूनच मोजायला लागतो: ग्रँडमास्टर किती झाले, परदेशी किती, किताबधारी किती.

दुसरं, किताब "होणार आहे" असा प्रतिस्पर्धी. त्याचे तीन नॉर्म झालेत, २५०० झालेत, फिडेची मंजुरी बाकी आहे. स्पर्धा सुरू होते त्या दिवशी तो आयएमच धरला जातो. रेटिंगचंही तसंच. महिन्याची यादी मध्येच बदलली तरी सुरुवातीच्या दिवशीचीच यादी शेवटपर्यंत चालते. २७ जुलैला सुरू होऊन ४ ऑगस्टला संपणाऱ्या स्पर्धेत जुलैची यादी. पाहून ठेवलेली सरासरी आणि पंचांची सरासरी जुळत नाही ती बहुतेक वेळा यामुळे.

तिसरं, बाय. पहिल्या फेरीला गाडी चुकली म्हणून अर्ध्या गुणाचा बाय (न खेळता मिळणारा गुण) घेतला की खेळलेले डाव राहतात आठ. न खेळलेला डाव नॉर्मच्या हिशेबात नसतो. मग प्रकरण अपवादाच्या कलमांत जातं. नॉर्मच्या आशेने जाणाऱ्याने स्वतःहून बाय घेऊ नये.

उलट एक सवलत फार कमी जण वापरतात. स्पर्धा अकरा फेऱ्यांची असेल तर हरवलेल्या प्रतिस्पर्ध्याचा डाव हिशेबातून वगळता येतो, फक्त उरलेले डाव किमान नऊ हवेत आणि बाकीच्या अटी त्या उरलेल्यांत पूर्ण व्हायला हव्यात. पहिल्या फेरीत १९०० वाला हरवला असेल तर त्याला काढून टाका, सरासरी एकदम वर जाते. लांब स्पर्धेचा हा फायदा आहे. आपल्याकडचे बरेच जण फक्त नऊ फेऱ्यांच्या स्पर्धा पाहतात, हे मला कोडंच आहे.

बोर्ड नंबर ४

सवलतीचं माहीत नव्हतं, चूक कबूल. पण एवढं करून तीन नॉर्म झाले की झाला ना ग्रँडमास्टर?

अडीच घरं

नाही हो, अजून २५०० आहेत. नॉर्म आणि रेटिंग हे दोन वेगळे डोंगर आहेत. बरेच जण पहिला चढून दुसऱ्याच्या पायथ्याशी वर्षानुवर्षं बसलेले असतात.

कारण के-गुणक. २४०० एकदा ओलांडले की तुमचा के कायमचा १० होतो. (त्याखाली २०. अठरा वर्षांखालचा आणि २३०० च्या आतला असेल तर ४०, म्हणून पोरं भराभर वर जाताना दिसतात.) के १० म्हणजे अपेक्षेपेक्षा एक पूर्ण गुण जास्त केला तर रेटिंग १० ने वाढतं. वरच्या नमुन्यातला खेळाडू २४५० चा आहे असं धरा. त्या नऊ जणांविरुद्ध त्याच्याकडून अपेक्षित गुण येतात ४.७१. त्याने केले साडेसहा. वाढ १.७९ गुणिले १०, म्हणजे साधारण १८. नॉर्म करून, आयुष्यातली चांगली स्पर्धा खेळून, १८! २४५० चे २४६८.

आणि उतरणं किती सोपं ते पाहा. तोच खेळाडू पुढच्या स्पर्धेत २२०० वाल्याशी एक डाव बरोबरीत सोडवतो: ३.१ गेले. अशा सहा बरोबऱ्या म्हणजे नॉर्मच्या स्पर्धेत कमावलेले १८ परत. आता ठिपसेंकडे या. ज्याला वर्षातले बरेचसे डाव देशातच, आपल्यापेक्षा शंभर-दोनशेने खालच्या लोकांशी खेळावे लागतात, त्याला पहिला येऊनही रेटिंग जेमतेम राखता येतं. खालचा खेळाडू भारतीय असेल तर तो बहुधा कागदावरच्या आकड्यापेक्षा मजबूत असतो, कारण त्याचे मोजले गेलेले डाव थोडे. शिवाय तेव्हा यादी वर्षातून दोनदाच निघायची, जानेवारी आणि जुलै. ऑगस्टमध्ये वाढलेलं रेटिंग जानेवारीत दिसणार, तोवर आमंत्रणं जुन्या आकड्यावर. आता २०१२ पासून दर महिन्याला यादी येते.

एक दिलासा आहे. २५०० छापील यादीत येण्याची गरज नाही. स्पर्धेच्या मध्ये, अमुक फेरीनंतर, गणिताने २५०० झाले असतील तरी पुरे. नंतर घसरलात तरी ते धरलं जातं. फक्त ते कुठल्या डावानंतर झालं हे महासंघाला दाखवून द्यावं लागतं.

काळी मोहरी

चर्चा पुरुषांपुरतीच चालली आहे म्हणून. मुंबईच्या खाडिलकर बहिणी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, तिघीही राष्ट्रीय विजेत्या. १९७४ ची पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा वासंतीताईंची. रोहिणी १९७६ ला तेराव्या वर्षी विजेती झाली आणि त्याच वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्यावर गदारोळ झाला, प्रकरण फिडेपर्यंत गेलं. फिडेचे अध्यक्ष होते माजी विश्वविजेते मॅक्स यूव्ह. त्यांनी निर्वाळा दिला की स्त्रियांना खुल्या स्पर्धेतून वगळता येणार नाही.

वरचं गणित वाचल्यावर या निर्णयाचं वजन कळतं. फक्त महिलांच्या स्पर्धेत २३८० ची सरासरी आणि तीन ग्रँडमास्टर कुठून येणार? खुल्या स्पर्धेचं दार बंद म्हणजे जीएम नॉर्मचं दार बंद. प्रवीण यांच्या पत्नी भाग्यश्री साठे-ठिपसे पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या, १९९१ ला आशियाई विजेत्या, आणि त्यांचा किताब महिला आंतरराष्ट्रीय मास्टर. एकाच घरात दोघे मिळून बारा राष्ट्रीय विजेतेपदं आणि ग्रँडमास्टर किताब एक.

नॉर्मला वळसा घालणारी वाटही आहे. काही स्पर्धा जिंकल्या की किताब थेट मिळतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने (२०२२ ची राष्ट्रीय महिला विजेती) जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून. तोवर तिच्या नावावर जीएम नॉर्म एकही नव्हता आणि २५०० ही झाले नव्हते. त्या विजयाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. विश्वचषक जिंकणं नॉर्मपेक्षा सोपं असं कुणी समजू नये, एवढंच.

सहावी फेरी

मोहरीताई, बारांचा हिशेब नाशिककरांनी मथळ्यात घ्यावा असा आहे.

कागदांचं राहिलं, ते लिहून टाकतो, आजच्या खेळाडूंच्या कामाचं आहे. नॉर्म झाला की मुख्य पंचांकडून आयटी-१ हा दाखला सहीनिशी तिथेच घ्यायचा, बक्षीस समारंभ उरकून गाडी पकडण्याआधी. त्यावर प्रत्येक फेरीचा प्रतिस्पर्धी, त्याचा देश, किताब, रेटिंग आणि निकाल असतो. एकेक ओळ स्वतः ताडून पाहा, देशाचं संक्षिप्त नाव चुकलं तरी परदेशींची मोजणी बदलते. किताबाचा अर्ज म्हणजे आयटी-२. तो खेळाडू परस्पर करत नाही, आपल्याकडे अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघामार्फत जातो. तीन नॉर्मचे तीन आयटी-१ सोबत. अर्जाच्या वेळी चालू नियमावली पाहून घ्या, फिडे कलमं बदलत असते.

नाशिककर

पुरेसं झालं. मथळा बदलतो: "बारा विजेतेपदं, एक किताब". कोष्टकात सात वर्षं आणि शेजारी त्या वर्षीचे भारतीय ग्रँडमास्टर: ०, ०, ०, १, २, २, २. अभिजित कुंटेंचं नाव शेवटी जोडू का? १९९७ चे राष्ट्रीय विजेते, २००० ला पुन्हा विजेते आणि त्याच वर्षी चौथे ग्रँडमास्टर.

कोपऱ्यातला हत्ती

जोडा. कोष्टकाची पुढची ओळ तीच आहे. १९९७ ला शेजारच्या रकान्यात पहिल्यांदा ३ येतात, आणि तो तिसरा कोण ते तुम्ही वर लिहिलंच आहे.